घरात माणसं किती? बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका घराचा स्थलांतराचा फॉर्म

ही एकाच घराची केस आहे. धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम लिहीत नाही, त्यांनी घरातलं सगळं विश्वासानं सांगितलंय. सर्वे लोकसंख्येचा होता, म्हणजे घरात कोण कोण, वय, शिक्षण, आजारपण, आणि शेवटी स्थलांतराचा भाग. त्यात चार प्रश्न: जन्म कुठं झाला, इथं यायच्या आधी शेवटचं कुठं राहत होता, इथं येऊन किती वर्षं झाली, आणि कशामुळं आलात. हे प्रश्न आमच्या डोक्यातून आलेले नाहीत. आपल्या जनगणनेत जन्मठिकाण फार आधीपासून विचारतात, किती वर्षं राहताय हे १९६१ ला आलं, शेवटचं राहण्याचं ठिकाण १९७१ ला आणि कारण १९८१ ला, आणि तेव्हापासून थोड्याफार फरकानं हेच चाललंय. कागदावर वाचलं की वाटतं यात काय अवघड आहे, माणूस कुठून आला एवढंच तर लिहायचंय.

महिना जानेवारीचा होता, म्हणजे ऊसतोडीचा भर हंगाम. गल्लीत एकामागं एक दारांना कुलपं, आणि जी घरं उघडी त्यात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. आमच्या टीममधली एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करणारी पोरगी या घरात गेली, मी सुपरवायझर म्हणून सोबत. घरी तिघीजणी: आजी, आठवीतली नात, आणि आजीची लेक. पहिला प्रश्न घरात माणसं किती, आजी लगेच म्हणाली नऊ. तिनं बोटावर मोजून दाखवली, ती स्वतः, लेक, थोरला मुलगा, थोरली सून, त्यांची पोरगी आणि चार वर्षांचा पोरगा, धाकटा मुलगा, धाकटी सून आणि त्यांचं लेकरू. "थोरला कारखान्याला गेलाय, धाकटा चाकणला कंपनीत हाय, पण हायेत तर आमच्यातच की माय." कारखान्याला म्हणजे साखर कारखान्याच्या ऊसतोडीला.

आता बघा. एनएसएसच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या सर्वेमध्ये सहा महिन्यांचा नियम असतो, जिथं माणूस सलग सहा महिने किंवा जास्त राहतो, किंवा राहायचा इरादा आहे, ते त्याचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण. त्या हिशोबानं चाकणचे तिघं कटाप, ते तिकडचेच, पण थोरला, थोरली आणि पोरगा मात्र इथलेच, कारण ते सहा महिन्यांच्या आत परत येतात. झाले सहा. आणि जनगणनेचा नियम लावला तर? २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली, या पूर्ण काळात जो माणूस आपल्या घरी नव्हताच त्याला घरी मोजायचं नाही, तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. फेब्रुवारीत थोरला, सून आणि पोरगा फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर असतात. मग या घरात उरल्या तीन. घर तेच, आजी तीच, आणि माणसं नऊ, सहा किंवा तीन. तिन्ही उत्तरं आपापल्या नियमानं बरोबर आहेत, म्हणूनच नियम कोणता हे आधी स्पष्ट पाहिजे आणि फॉर्म भरणाऱ्याच्या डोक्यात पक्कं पाहिजे, नाहीतर एका गल्लीत एकजण नऊ लिहितो आणि दुसरा तीन, आणि नंतर ते दोन्ही आकडे एकाच रकान्यात बेरजेला जातात.

आम्ही सहा महिन्यांचा नियम धरला होता. मग एकेका माणसाचा स्थलांतराचा भाग.

थोरल्याचं आजीनं सांगितलं, "जल्मल्यापासून इथंच." टॅबमध्ये "जन्मापासून याच गावात" हा पर्याय निवडला की ॲप पुढचे सगळे प्रश्न गाळून सरळ पुढच्या माणसावर जातं. म्हणजे जो माणूस दरवर्षी दसरा झाला की बायको-पोरगं घेऊन तीनशे-चारशे किलोमीटर लांब जातो आणि पाडव्याच्या आसपास परत येतो, त्याच्या नावापुढं स्थलांतराच्या भागात काहीच राहत नाही, कोरं. आणि आजी खोटं बोलली का, तर अजिबात नाही. तिच्या लेखी तो इथंच राहतो, कारखान्याला जाणं म्हणजे कामाला जाणं. "शेवटचं कुठं राहत होता" या प्रश्नात ऊसतोड बसतच नाही कारण खोपीत, म्हणजे तोडीच्या काळातल्या झोपडीत राहण्याला कुणी राहणं म्हणत नाही. त्यामुळं हा प्रश्न कितीही नीट समजावून सांगितला तरी उत्तर तेच येणार, प्रश्नच दुसरा लागतो.

नात म्हणाली पप्पांना फोन लावते, पण रात्री नऊच्या पुढं, तेव्हा उसाची गाडी भरून होते. मग रात्री फोनवर थोरल्याशी बोललो आणि त्यात अजून एक गोष्ट निघाली जी आजी विसरली होती किंवा तिला सांगण्यासारखी वाटली नव्हती. २०१५ चा खरीप गेला, तेव्हा हे नवरा-बायको आणि पोरगी पुण्याला एका बांधकामावर राहायला गेले होते, चांगली दोन वर्षं. "लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना सर, तवा आमी पुण्यातच होतो," म्हणजे एप्रिल २०१६. पाऊसपाणी बरं झालं, आईला एकटीला जमेना, मग परत आले. आता नियमानं याचं शेवटचं राहण्याचं ठिकाण कोणतं? पुणे. सहा महिन्यांपेक्षा जास्त तिथं राहिला, तिथून इथं आला. तर तक्त्यात हा माणूस "शहरातून गावाकडं आलेला" म्हणून जाणार, शेजारी कारण लिहिलेलं घरगुती. हे चूक नाही, ही माहिती खरी आहे आणि हवीच आहे, दुष्काळात गेलेले किती परतले हे दुसरं कुठून कळणार. पण ह्याच्या आयुष्यात वर्षानुवर्षं चालू असलेलं जाणंयेणं त्या एका ओळीत नाही. एक ओळ, त्यात एकच ठिकाण, शेवटचं. दरवर्षी जाऊन परत येणाऱ्याला शेवटचं ठिकाण विचारून उपयोग नाही, त्याला वर्ष विचारावं लागतं.

थोरल्या सुनेचं शेवटचं ठिकाण तर पुणेच निघतं, नवऱ्यासारखं, पण पहिल्या भेटीत आजीनं तिचं माहेर सांगितलं, केज तालुका, कारण लग्न. बाई म्हटलं की हे उत्तर इतकं सहज येतं की विचारणारा आणि सांगणारा दोघं थांबतच नाहीत. पीएलएफएसचा, म्हणजे सरकारच्या श्रमबल सर्वेचा २०२०-२१ चा अहवाल बघा, देशात स्थलांतरितांचं प्रमाण २८.९ टक्के, पुरुषांत १०.७ आणि बायकांत ४७.९, आणि स्थलांतरित बायकांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळं आलेल्या. हा आकडा खरा आहे, लग्न होऊन बाई सासरी जाते हे आपल्याकडं घराघरात. पण त्याच बाईनं लग्नानंतर काय काय हिंडून काम केलं ते त्या लग्नाच्या खाली दबून जातं. ही सून दरवर्षी फडावर जाते, पहाटे उठून भाकरी करून नवऱ्यासोबत ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती जोडीवर, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. म्हणजे हिच्याशिवाय नवऱ्याला पूर्ण उचलच मिळत नाही, आणि फॉर्ममध्ये मात्र हिच्यापुढं "लग्न", फार तर "कुटुंबासोबत".

लेकरांची गंमत वेगळीच. आठवीतली नात जन्मली आईच्या माहेरी, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं आपल्याकडं. चार वर्षांचा पोरगा जन्मला सातारा जिल्ह्यात, त्याची आई सातव्या महिन्यात फडावर गेली होती, कळा सुरू झाल्या तशी टोळीतल्या बायकांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात नेली. आपल्याकडं जन्मठिकाण म्हणजे जिथं खरोखर जन्म झाला ते लिहितात, आई नेहमी कुठं राहते ते नाही. मग, नातीची पुण्यातली दोन वर्षं बाजूला ठेवली तर, दोन्ही लेकरं जन्मठिकाणावरून स्थलांतरित धरली जातात, कारणात "जन्मानंतर हलवले". जनगणनेत तसा वेगळा कोड आहेच. पण या दोन जन्मांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एक माहेरपण आणि दुसरं उसाच्या हंगामात कामावर असताना झालेलं बाळंतपण, आणि दोघांनाही कोड एकच. २०११ ला देशात साधारण ४५ कोटी लोक स्थलांतरित निघाले असं आपण वाचतो, त्या ४५ कोटींत अशा किती वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात हे एका घरातच दिसतं.

आजीचं स्वतःचं सोपं असेल वाटलं होतं. लग्न कधी झालं, तर "सुकडीच्या साली," म्हणजे १९७२ चा दुष्काळ, तेवढ्यावरून वर्षं निघाली. जन्मगाव लातूर तालुक्यातलं, पण जिल्हा तिनं सांगितला उस्मानाबाद. बरोबरच आहे, लातूर जिल्हा १९८२ ला झाला, ती जन्मली तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, आणि आता त्या उस्मानाबादचंही धाराशिव झालंय. मराठवाड्यात हे फार जपावं लागतं. जालना १९८१ ला औरंगाबादमधून निघाला, हिंगोली १९९९ ला परभणीतून. वसमतहून परभणीला १९९० मध्ये आलेला माणूस तेव्हा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होता, आजच्या नकाशावर तो परजिल्ह्यातून आलेला ठरतो. म्हणून आम्ही गाव आणि तालुका विचारून घेतो, जिल्हा आजच्या नकाशाप्रमाणं आपण टाकायचा, म्हाताऱ्या माणसाशी जिल्ह्यावरून हुज्जत घालायची नाही. किल्लारीकडं तर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर अख्खी गावं नवीन जागी वसवली, तिथं माणूस हलला पण गावाचं नाव तेच राहिलं, त्याची नोंद वेगळीच घ्यावी लागते. असो.

चाकणच्या धाकट्याचं पटकन सांगतो. तो आमच्या नियमानं घराचा सदस्य नाही, पण "घरातून बाहेर गेलेले" अशी एक वेगळी यादी होती त्यात तिघं घेतले, कधी गेले, कुठं, कशासाठी, पैसे पाठवतात का. मतदान इथं, रेशनकार्डात नाव इथं, म्हणून आजीला त्याला वगळलेलं आवडलं नाही. तिला समजावलं की नाव कापत नाही, दुसऱ्या पानावर लिहितोय. हे सांगणं खूप गरजेचं असतं, लोकांना वाटतं सर्वेतून नाव गेलं की रेशन गेलं.

आता लेक. सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि जायलाच पाहिजे होता.

पहिल्या भेटीत दोन शेजारणी ओट्यावर येऊन बसल्या होत्या. लेकीबद्दल विचारल्यावर आजी म्हणाली, "माहेरपणाला आलीय, चार दिस." लेक काहीच बोलली नाही, खाली बघून ज्वारी निवडत राहिली. हे उत्तर जसंच्या तसं घेतलं तर ती पाहुणी ठरते आणि यादीतून पूर्णच बाहेर जाते, ना इथं ना सासरी, कारण सासरचे तर तिला घरातली म्हणून सांगणारच नाहीत. पण आजीनं सुरुवातीला बोटावर मोजताना तिला नऊत धरलं होतं. आमच्या पोरीच्या ते लक्षात राहिलं, तिनं तेव्हा काहीच उलट विचारलं नाही, शेजारणींसमोर विचारायचं नसतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक शेताकडं निघाली तेव्हा ती सोबत चालत गेली, टॅब पिशवीतच. लेकीनं आपणहून सांगितलं, लॉकडाऊनच्या आधल्या दिवाळीला आली ती परत गेलीच नाही, नांदवत नाहीत. म्हणजे कितीतरी वर्षं ती इथलीच रहिवासी, इथंच मजुरीला जाते, सोयाबीन काढायला, कापूस वेचायला. शेवटचं ठिकाण सासरचं गाव, माजलगाव तालुका. आणि कारण?

कारणांच्या यादीत काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत, इतर. जनगणनेतही २०११ ला एवढेच पर्याय होते. लग्न लिहिलं तर सरळ उलटं होतं, ती लग्न होऊन आलेली नाही, लग्नातून परत आलीय. कुटुंबासोबत म्हणावं तर कोणतं कुटुंब, ती एकटी आली. राहिलं इतर. मराठवाड्यात अशा एकट्या राहणाऱ्या, टाकलेल्या बायका गावोगाव आहेत, त्यांच्या संघटना आहेत, मोर्चे निघालेत, योजनांत त्यांचं नाव येतं, आणि आकड्यात त्या एकतर "लग्न" मध्ये नाहीतर "इतर" मध्ये. आम्ही सर्वे चालू असतानाच "सासर सोडून / सोडावं लागून माहेरी" असा कोड वाढवला आणि आधी झालेल्या घरांत "इतर" असलेल्या बायकांकडं परत गेलो. यावरून आमच्यात बरीच चर्चा झाली, एकाचं म्हणणं असं की यादी मध्येच बदलली की तुलना बिघडते. ते म्हणणं चूक नाही. पण हा कोड "इतर" मधूनच फोडलेला आहे, परत "इतर" मध्ये मिसळला की जुन्या यादीशी जुळतो, त्यामुळं माझं मत ठाम होतं की बदलायचाच.

थोरल्या जोडीसाठी हंगामी पान वेगळं केलं आणि ते "जन्मापासून इथेच" म्हणणाऱ्यांनाही विचारायचं असं ठरवलं, ॲपची उडी काढून टाकली. एनएसएसनं ६४ व्या फेरीत, २००७-०८ ला, असा वेगळा प्रश्न घेतला होता: गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी गावाबाहेर एक महिना किंवा जास्त पण सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलात का. त्याआधी ५५ व्या फेरीत किमान मर्यादा ६० दिवसांची होती. आम्ही तोच धागा धरला पण महिने विचारले नाहीत, सण विचारले. दसऱ्याला कुठं होता, दिवाळीला, संक्रांतीला, पाडव्याला. आजीला लातूरकडची असल्यामुळं येळवस (वेळ अमावस्या) बरोबर लक्षात, "येळवशीला न्हवती लेकरं, शेतात मी अन नातच गेलो." आणि परत कधी आलात याला तारीख कुणी सांगत नाही, "पट्टा कधी पडला", म्हणजे कारखान्याचा हंगाम कधी संपला, विचारलं की लगेच उत्तर येतं. त्यातूनच कळलं की २०२१-२२ च्या हंगामात ही जोडी दसऱ्याला गेली ती जूनला आली, त्या साली मराठवाड्यातच ऊस इतका की संपता संपेना आणि पश्चिम महाराष्ट्र उरकून टोळ्या परत इकडच्या फडांवर थांबल्या. सहा महिन्यांच्या वर. म्हणजे सहा महिन्यांचा नियम काटेकोर लावला तर त्या एका वर्षापुरती ही जोडी या घरची रहिवासी राहत नाही, आणि हंगामी स्थलांतरितही राहत नाही कारण त्याची वरची मर्यादाही तीच. हंगाम लवकर संपला की माणूस एका रकान्यात, लांबला की दुसऱ्या रकान्यात, आणि माणसाचं काम तेच. म्हणून आम्ही हंगामी पानावर वरची मर्यादा ठेवलीच नाही, किती काळ गेला तो लिहायचा आणि परत यायचा इरादा विचारायचा.

ठिकाणाचंही तसंच. कोणत्या गावात होता विचारलं तर थोरला म्हणतो, "गाव काय की सर, स्लिपबॉय सांगल तिकडं जायचं, आज ह्या फडात उद्या त्या." स्लिपबॉय म्हणजे तोड कुठं करायची ते सांगणारा कारखान्याचा माणूस. पण कारखान्याचं नाव पक्कं माहीत, गट ऑफिस (कारखान्याचं त्या भागातलं ऑफिस) माहीत. मग आम्ही कारखान्यांची यादी केली, प्रत्येकापुढं तालुका, जिल्हा, राज्य, आणि फॉर्ममध्ये कारखाना निवडला की बाकी आपोआप. यंदा हे बेळगावकडं होते, म्हणजे कर्नाटक, परराज्य, त्याच्या आधल्या वर्षी कोल्हापूर. सुनेला वेगळं पान, नवऱ्याच्या पानावर "सोबत पत्नी" एवढं लिहून भागवायचं नाही. लेकरू सोबत होतं का, अंगणवाडीत नाव होतं का, लस चुकली का. नात मागं राहिली ती का राहिली: तिच्या शाळेत हंगामी वसतिगृह होतं, पण ती आजीजवळच झोपते, जेवायला तेवढी जाते.

आता हे सगळं लिहायची घाई का, तर २०२७ ची जनगणना. जून २०२५ ला अधिसूचना निघाली, संदर्भ तारीख १ मार्च २०२७, माणसं मोजायचं काम फेब्रुवारीत. त्याआधी घरयादी, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात. घरयादीत घरात नेहमी राहणारी माणसं किती हे लिहितात, तेव्हा उन्हाळा-पावसाळ्यात ही जोडी घरी असते, म्हणजे या घरापुढं सहा लागतील, आणि फेब्रुवारीत त्याच घरात तीन. राज्यात ऊसतोड कामगार किती यावर आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत अंदाज ऐकू येतात, आणि अन्नसुरक्षा कायद्यातला रेशनचा वाटा आजही २०११ च्याच लोकसंख्येवर ठरतो, तेव्हा गावात कमी मोजली गेलेली माणसं पुढं कितीतरी वर्षं कमीच राहतात. फडावर जर प्रगणक (जनगणनेत माणसं मोजणारा) पोचला तर ती तिकडं तरी मोजली जातील. २०११ ला बेघर लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती, खोपीतली माणसं कोणत्या प्रगणकाच्या हद्दीत, आधीच्या दिवसांत की त्या रात्री, हे साखर कारखान्याच्या परिसरातल्या तहसीलनं आधीच ठरवून ठेवलं पाहिजे, आणि गट ऑफिसला टोळ्या कुठं उतरल्यात याची यादी असतेच, ती मागून घ्यायची. इकडं आमच्या बाजूला ग्रामसेवक आणि शाळेच्या वसतिगृहाची यादी बघून कुलूप लागलेलं प्रत्येक घर कुठं गेलंय ते जानेवारीतच लिहून ठेवता येतं.

आणि जो कुणी खोपीपर्यंत जाईल त्यानं या सुनेपुढं शेवटचं राहण्याचं ठिकाण धारूर तालुका, जिल्हा बीड लिहावं, राहण्याचा काळ एक वर्षापेक्षा कमी, आणि कारण विचारताना नवऱ्याकडं न बघता तिला विचारावं, तू इथं काय करतेस. ती ऊस तोडते म्हणेल. कोड "काम" चा आहे.